वाचणाऱ्याचं स्टूल

त्रिशूर,
२३ नोव्हेंबर १९९७

प्रिय माधवी,

पुस्तक आलं. पाच प्रती पार्सलने पाठवल्या आहेत. तीन तुझ्या, दोन गावच्या वाचनशाळेच्या. त्या दोन सेक्रेटरी प्रेमराजनच्या हातात दे, आणि कपाटात कुलूपबंद ठेवायला नव्हे तर लोकांनी वाचायला पाठवल्या आहेत, हेही त्याला सांग.

मुखपृष्ठावर तंबाखूचं सूप आणि दोन हात आहेत. हात विडी वळणाऱ्याचे नाहीत, चित्रकाराच्या मेव्हण्याचे असावेत. पण नाव ठळक आलं आहे, 'ऐकणारे हात'. मागच्या बाजूला प्रकाशक ईनाशूने लिहिलं आहे, "कारकुन्नूच्या विडी कंपनीत चाळीस माणसं खाली मान घालून विड्या वळत असताना स्टुलावर बसून बारा वर्षं त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवणाऱ्या, आणि ज्याच्या वाट्याच्या विड्या ते चाळीस जण आपखुशीने वळून देत त्या अंबूची, त्याच्या लेकीने सांगितलेली हकिकत." वाक्य लांब आहे, पण चुकीचं नाही. म्हणून राहू दिलं.

मला वाटलं होतं, पुस्तक छापलं की लेखिकेचं काम संपलं. ईनाशू म्हणाला, "टीचर, छापणं माझं काम, फिरणं तुमचं. लेखक डोळ्यांना दिसल्याशिवाय आपल्याकडे पुस्तक हलत नाही." त्याने एप्रिलपर्यंत सोळा वाचनशाळा ठरवून टाकल्या आहेत, कोडुंगल्लूरपासून निलेश्वरमपर्यंत. पहिला कार्यक्रम परवा झाला. स्वागत, अध्यक्ष, पुस्तकाचा परिचय, मग शुभेच्छा देणारे सहा जण, आणि सगळ्यांत शेवटी लेखिकेचं उत्तर. बत्तीस वर्षं मी बोलले आणि समोरच्यांनी ऐकलं. आता अडीच तास व्यासपीठावर हाताची घडी घालून बसायचं आणि माझ्या पुस्तकात मी काय लिहिलं आहे ते दुसऱ्यांकडून ऐकायचं. एक तरुण प्राध्यापक म्हणाला, माझे वडील हे एक प्रतीक आहेत. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, "माझे वडील प्रतीक नव्हते. त्यांना दमा होता."

लोक हसले. पण तोवर निम्मे बससाठी निघून गेले होते.

सोळा गावांत आपलं गाव नाही. आपल्या वडिलांवरचं, अच्छनांवरचं पुस्तक, आणि अच्छनांच्या गावात कार्यक्रम नाही, हे मला चालणार नाही. प्रेमराजनशी बोल आणि तारीख कळव. फोन करू नकोस. शेजाऱ्यांच्या घरून बोलताना तू नुसती हो-हो म्हणतेस.

तुझी,
सौमिनी


कारकुन्नू,
८ डिसेंबर १९९७

प्रिय एडत्ती,

पार्सल मिळालं. पोस्टमन दारातच उभा राहिला, फोडून दाखव म्हणाला. दाखवलं. "टीचरचा फोटो कडक आलाय," असं त्याचं मत पडलं. मीही म्हटलं, फोटो कशाला, आमची थोरलीच तशी आहे.

पुस्तक मी दोन दिवसांत वाचलं. अम्माचं प्रकरण वाचताना चुलीवरचा भात लागला. आपल्या विहिरीजवळचं ते फणसाचं झाड मी विसरूनच गेले होते, तू बरं लक्षात ठेवलंस. एडत्ती, तू एवढं लिहू शकतेस हे मला माहीत नव्हतं. तुझी पत्रं म्हणजे नेहमी शाळेची नोटीस.

वाचनशाळेच्या दोन्ही प्रती नोंदवहीत चढल्या आहेत. पण कपाटात एकही नाही. आल्या दिवसापासून बाहेरच असतात, परत आल्या की लगेच जातात. प्रेमराजनलाही अजून वाचायला मिळालेलं नाही, तो रोज कुरकुरतो.

कार्यक्रमाचं म्हणशील तर आत्ता जमेल असं दिसत नाही. वाचनशाळेच्या हॉलची कौलं काढली आहेत. ती बसेपर्यंत आपल्या देवळातला तेय्यमचा उत्सव येईल, मग गावात कुणाला वेळ नसतो. आणि आता निवडणूकही येणार म्हणतात. शिवाय माझ्या शीजाचे दिवस मार्चमध्ये भरतील, पहिलं बाळंतपण आहे, ती माझ्याकडेच येणार. पावसाळ्यानंतर बघू या का? तुझ्या गुडघ्यांनाही विसावा.

तुझी,
माधवी


त्रिशूर,
२ जानेवारी १९९८

प्रिय माधवी,

दोन्ही प्रती सतत बाहेर असतात हे मी ईनाशूला वाचून दाखवलं. तो खुर्चीतून उठला. म्हणाला, असं गाव त्याने पाहिलं नाही. त्याला आणखी पाच प्रती पाठवायच्या होत्या. मी थांबवलं, आधी तारीख येऊ दे म्हटलं.

कौलं, तेय्यम, निवडणूक, बाळंतपण. गृहपाठ न करणाऱ्या मुलींनी मला आजवर याहून बरी कारणं दिली आहेत. पावसाळ्यानंतर कोण पुस्तक विचारतं? तेव्हा नवी पुस्तकं आलेली असतात.

सहा गावं झाली. सगळीकडे काळा चहा, डाळवडा आणि भाषणं. आता मी एक केलं आहे. उत्तराच्या वेळी उत्तर देतच नाही, उभी राहून सरळ पुस्तक वाचते. सातवं प्रकरण. अच्छनांना त्या कोरनने भर कंपनीत स्टुलावरून खाली ओढलं आणि स्वतः चढून बसला, ते. बारा वर्षं वाचणारा माणूस खाली चटईवर विड्या वळायला बसला, दोन वर्षं तिथेच वळत राहिला आणि झुरून गेला, ते. शेवटचं वाक्य येतं, "अच्छनांचं तोंड शेवटचं पाहायलाही तो आत आला नाही. फाटकाबाहेर उभा राहिला, कारण आत यायला त्याला तोंड नव्हतं." तिथे हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येतो. तळिपरंब्याला एक बाई पदराने डोळे पुसत माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "त्या माणसाला मी शिव्या घालत घरी जाणार आहे." आठ प्रती तिथेच संपल्या.

कंपनीत ते घडलं त्या दिवशी मी कोळिकोडच्या हॉस्टेलमध्ये होते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कुणीतरी त्या माणसाला जाब विचारायला हवा होता. तेव्हा कुणी विचारला नाही. आता मी विचारते आहे.

एक सरळ विचारते. पुस्तकात तुझ्यावर दीडच पान आहे, म्हणून तू रागावली आहेस का? तसं असेल तर लिही. आडून आडून लिहू नकोस.

सौमिनी


कारकुन्नू,
१४ जानेवारी १९९८

प्रिय एडत्ती,

दीड पान मला पुष्कळ झालं. त्यातही तू माझ्या वेणीबद्दल लिहिलंस, ती तेव्हाही इतकी लांब नव्हती.

रागावले नाही. रागावले असते तर तुला आंब्याचं लोणचं पाठवलं असतं का? बसच्या कंडक्टरकडे दिलं आहे. बरणी तो परत मागेल, दे.

माझी एकच विनंती आहे. तू सातवं प्रकरण वाचू नकोस. आठवं वाच ना, अम्माचं, कांजीचं. त्यात लोक हसतील, रडतीलही. सातवं कशाला? कोरेट्टन आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी वाचनशाळेच्या बाकावर येऊन बसतात, एकही पेपर सोडत नाहीत. त्यांची बायको गेल्यापासून शुक्रवारी मीच त्यांना मासळीचं कालवण पाठवते. म्हातारं माणूस आहे, एडत्ती. सोडून दे.

माधवी


त्रिशूर,
२९ जानेवारी १९९८

माधवी,

लोणचं मिळालं. बरणी धुऊन परत केली.

तू त्या माणसाला कालवण पाठवतेस! आणि त्याला कोरेट्टन म्हणतेस, एट्टन, थोरला भाऊ! वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बागेत दोन फेऱ्या मारल्या.

काल प्रेमराजनचं पत्र आलं. तुझ्याकडून काही होत नाही असं दिसल्यावर मीच त्याला लिहिलं होतं. हॉलची कौलं, तो लिहितो, ऑक्टोबरातच बसली. कार्यक्रम रविवार, पंधरा मार्चला संध्याकाळी चार वाजता ठरला आहे. पुढे तो लिहितो, "टीचर, दोन्ही प्रती माधवीएडत्तींच्याच नावावर आहेत, त्या पुन्हा पुन्हा मुदत वाढवून घेतात, त्यामुळे गावात पुस्तक कुणीच वाचलेलं नाही. कार्यक्रमानंतर वाचूच. आपल्या रीतीप्रमाणे व्यासपीठावर एक प्रत कुणाच्या तरी हाती द्यायची आहे. अंबुवेट्टनांच्या कंपनीतले आता कोरेट्टनच तेवढे उरले आहेत. प्रत त्यांनीच स्वीकारायची असं आम्ही ठरवलं आहे, आणि ते हो म्हणाले आहेत."

दोन्ही प्रती तू का दाबून बसली आहेस, हे मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण तो माणूस हो म्हणाला! माझ्या वडिलांचं स्टूल घेतलं, आता त्यांचं पुस्तकही हात पुढे करून घेणार!

मी प्रेमराजनला नकार कळवलेला नाही. येऊ दे त्याला. व्यासपीठावर माझ्या शेजारीच बसू दे. त्याच्या हातात मी प्रत देईन, आणि मग त्याच्याकडे तोंड करून सातवं प्रकरण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचेन.

सौमिनी


कारकुन्नू,
६ फेब्रुवारी १९९८

प्रिय एडत्ती,

आता लिहिते. अच्छनांनी मला शपथ घातली होती, म्हणून एकोणचाळीस वर्षं बोलले नाही. पण तू कोरेट्टनांच्या तोंडावर ते वाचणार असशील तर शपथ मोडलेली बरी.

अच्छनांना दिसत नव्हतं.

तू कॉलेजला गेलीस त्या वर्षीच सुरू झालं. आधी कडा गेल्या, मग मधलं. पुढच्या वर्षी ओणमला तू घरी आलीस तेव्हा त्यांना फक्त उजेड कळत होता. तू पडवीत बसून त्यांना तुझे मार्क सांगत होतीस आणि ते तुझ्या आवाजाकडे बघत होते. आपल्या अंगणातला दगडन् दगड त्यांच्या पायाला माहीत होता, म्हणून तुला काही दिसलं नाही.

मी शाळा सोडली ती अम्माचे गुडघे दुखत होते म्हणून नव्हे. तू पुस्तकात तसं लिहिलं आहेस, पण तसं नव्हतं. सकाळी सातच्या बसने पेपर यायचा. मी पळत जाऊन आणायची आणि अच्छनांना वाचून दाखवायची. ते ऐकायचे, मनात ठेवायचे, आणि साडेनऊला कंपनीत स्टुलावर बसून तोच पेपर डोळ्यांसमोर धरून 'वाचायचे'. दुपारच्या कादंबरीची पानं आदल्या संध्याकाळी. सव्वा वर्ष असं चाललं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची.

कंपनीत हे माहीत होतं. चाळीसही जणांना. कधी कळलं, कसं कळलं, कुणी बोललं नाही. कोरेट्टन पेपर हातात देताना सरळ बाजू वर करून द्यायचे, एवढंच.

मग मला कांजिण्या आल्या. आठ दिवस मी डोळे उघडू शकले नाही. अच्छन तरी कंपनीत गेले. पहिल्या दिवशी त्यांनी जुन्या बातम्या सांगितल्या. दुसऱ्या दिवसापासून मनाने रचून सांगू लागले. कुठे पूर आला, कुठल्या मंत्र्याने काय म्हटलं. चाळीस माणसं हात चालवत ऐकत राहिली. एकानेही मान वर केली नाही. पण पाचव्या दिवशी कामावर देखरेख करणारा नवा मेस्त्री आला. त्याला संशय आला असावा. कंपनीची एक नोटीस त्याने अच्छनांच्या हातात दिली आणि म्हणाला, "ही वाचा मोठ्याने."

अच्छनांनी ती हातात घेतली. डोळ्यांसमोर धरली.

तेव्हा कोरेट्टन चटईवरून उठले. ती नोटीस हिसकावली आणि ओरडले, "बारा वर्षं याचाच घोगरा आवाज ऐकायचा का आम्ही? ऊठ! आता मी वाचणार!" दंडाला धरून त्यांना खाली ओढलं आणि स्वतः बसले. सगळे कोरेट्टनांवर तुटून पडले, शिव्या दिल्या. मेस्त्री भांडण सोडवण्यातच गुंतला. अच्छन कोरेट्टनांच्या रिकाम्या जागी बसले, सूप मांडीवर घेतलं, आणि त्यांचे हात चालू लागले. विडी वळायला डोळे लागत नाहीत, एडत्ती. पान, तंबाखू, दोरा, सगळं बोटांना कळतं. पानं तेवढी कापायला दिसावं लागतं. ती मी घरी कापून द्यायची. अच्छन गेले त्या आठवड्यापर्यंत त्यांनी विड्या वळल्या, आणि अंबू आंधळा झाला असं गावात कुणीही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कंपनीने घरी बसवलं असतं, आणि तू कॉलेज सोडून परत आली असतीस. अच्छनांना तेवढंच नको होतं. "सौमिनीला कळता कामा नये," हे ते मला दिवसाआड सांगायचे.

भांडण खरं वाटावं म्हणून कोरेट्टन पुन्हा अच्छनांच्या फाटकाच्या आत आले नाहीत. अच्छन गेले तेव्हाही नाही. तसं त्या दोघांचं ठरलं होतं.

दोन्ही प्रती माझ्या ट्रंकेत आहेत. मला वाटलं, कोरेट्टनांनी वाचू नये. तेवढंच माझ्या हातात होतं. त्यातूनच हे सगळं उलटं झालं.

माधवी


त्रिशूर,
२० फेब्रुवारी १९९८

प्रिय माधवी,

शेवटच्या बाकावरची मुलगी कुणाच्या वहीत बघते ते मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. स्वतःच्या वडिलांच्या डोळ्यांत मी समोरासमोर बसून तीन वर्षं पाहिलं नाही.

गेल्या दोन कार्यक्रमांना मी गेले नाही. ईनाशूला ताप आहे म्हणून कळवलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं कारण दिलं.

त्या माणसावर मी हजार प्रती छापल्या आहेत. नऊ हॉलमध्ये त्याला उभं करून दगड मारले आहेत. हे लपवून ठेवता येणार नाही. पंधरा तारखेला मी कारकुन्नूला उभी राहीन आणि सगळं जसं झालं तसं सांगेन. चूक जाहीर केली, तर दुरुस्तीही जाहीरच करायची.

तू माझ्या शेजारी बस. मला एकटीला जमेल असं वाटत नाही.

तू शाळेत पहिली यायचीस. हे मी पुस्तकात लिहिलं नाही.

सौमिनी


कण्णूर,
१२ मार्च १९९८

प्रिय एडत्ती,

हे हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. शीजाचा रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरीणबाईंनी लगेच दाखल करून घेतलं. बहुतेक परवा ऑपरेशन. पंधराला मी तिथे नसेन. प्रेमराजनचा भाऊ गावी निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देते, तो तुला स्टेशनवर भेटेल. घराची किल्ली त्याच्याकडेच आहे. पडवीतलं दार थोडं उचलून ढकल.

एडत्ती, बोलायच्या आधी कोरेट्टनांना विचार. ते नुसतं आपलं नाही, त्यांचंही आहे.

माधवी


कारकुन्नू,
१७ मार्च १९९८

प्रिय माधवी,

मुलगी झाली आणि दोघी ठीक आहेत, हे प्रेमराजनकडून कळलं. बरं वाटलं. वजन किती ते कुणी सांगेना. पुरुष निरोप सांगताना मुख्य तेच विसरतात.

तू म्हणालीस, आधी विचार. मी विचारलं नाही. विचारायला गेले तर ते नको म्हणतील असं वाटलं, म्हणून गेले नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

हॉल भरला होता. बायका खिडक्यांतून उभ्या होत्या. कोरेट्टन इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. मी प्रत त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मांडीवर ठेवली. मग पाच भाषणं झाली. पुस्तक एकानेही वाचलं नव्हतं, तुझ्या कृपेने, पण त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. कोरेट्टनांना बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, "अंबू चांगलं वाचायचा," आणि बसले.

शेवटी मी उभी राहिले. म्हटलं, "या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात मी एक मोठी चूक केली आहे. कोरेट्टनांच्या बाबतीत. ती आज मला..."

"चूक नाही," कोरेट्टन शेजारून म्हणाले.

प्रेमराजन पुढे वाकला. "कोरेट्टा, आता टीचरच्या उत्तराची वेळ आहे."

"तू गप रे. तेव्हा तू जन्मला होतास का?" लोक हसले. ते उठले. माइक त्यांनी घेतला नाही. कंपनीत चाळीस माणसांना ऐकू जायचा तोच आवाज असणार. "टीचरने लिहिलंय की मी अंबूला स्टुलावरून ओढलं. ओढलं. भर कंपनीत, सगळ्यांसमोर. त्याचा आवाज माझ्याहून चांगला होता, ते मला बघवत नव्हतं. आणखी दहा वर्षं तो वाचू शकला असता. टीचरने जे छापलंय ते खरं आहे. आता ती थोर मनाची, म्हातारा समोर बसलाय म्हणून चूक झाली म्हणते. तिचं ऐकू नका."

आणि मग माझ्याकडे वळून, हळू, "बस खाली, मोळे."

मला मुलगी म्हणून हाक मारणारं कुणी उरलं आहे हे मला ठाऊक नव्हतं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. दारातून कुणीतरी "लाज वाटत नाही का?" असं ओरडलं. कोरेट्टन त्या दिशेला बघून मान हलवत होते, हो, वाटते, अशा अर्थाने. मला एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य बोलले असते तर आरडाओरडा तिथेच थांबला असता.

मी खाली बसले. समोर चुकीचं उत्तर दिलं जात होतं आणि मी ते तसंच जाऊ दिलं.

काल सकाळी त्यांच्या घरी गेले. त्यांनी स्वतः काळा चहा केला. साखर विचारली नाही, भरपूर घातली. मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"आता गाव तुम्हाला नावं ठेवेल."

"गाव तेव्हाही ठेवत होतं. सवय आहे." मग म्हणाले, "तळिपरंब्याला मी आलो होतो. मागे बसलो होतो. बसने गेलो, बसने आलो."

"सातवं प्रकरण ऐकलंत?"

"सगळं ऐकलं. तू छान वाचतेस. श्वास अंबूसारखा घेतेस, वाक्याच्या आधी."

"राग नाही आला?"

ते हसायला लागले, माधवी. खोकला येईपर्यंत हसले. "अगं, राग कशाला? अंबूने आणि मी जे ठरवलं होतं ते तुझ्यापर्यंत तसंच पोचलं. कॉलेज शिकलेल्या पोरीला कळलं नाही! आणि आता तर छापूनही आलं. अंबू असता तर खूश झाला असता."

मी म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत मी ते प्रकरण बदलणार. तेव्हा मात्र ते गंभीर झाले. "हात लावायचा नाही. वाचणारा आंधळा होता हे एकदा बाहेर पडलं की लोक अंबूला नाही हसणार, त्या चाळीस जणांना हसतील. म्हणतील, आंधळ्याचं ऐकत बसले होते गाढव. ते सगळे गेले आता. त्यांच्या वतीने बोलायला मी एकटा आहे. आम्ही काय ऐकलं ते आम्हाला माहीत आहे. जोवर या गावात आमच्यापैकी एकालाही ओळखणारं माणूस आहे, तोवर नको."

मी कबूल केलं. कबूल करताना मला किती जड गेलं ते तू ओळखशील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुझे कार्यक्रम अजून किती आहेत?" मी सांगितलं, चार. ते म्हणाले, "मग रडत जाऊ नकोस. लोक पुस्तक ऐकायला येतात."

सातवं प्रकरण मी कुठेही पुन्हा वाचणार नाही. आठवं वाचायचं. पण मी वाचणार नाही, तू वाचशील. मी ईनाशूला तसं कळवलं आहे. एकोणीस एप्रिलला निलेश्वरम आहे, कारकुन्नूहून तुला जवळ. मी नुसती लेखिका आहे. त्या काळात घरात जी वाचत होती ती तू. कारण कुणाला सांगायचं नाही. लोकांना सांगू, टीचरचा घसा बसला आहे. हे दुसरं खोटं कारण, पण याला माझी हरकत नाही.

नाही म्हणू नकोस.

तुझी,
एडत्ती


कारकुन्नू,
२ एप्रिल १९९८

प्रिय एडत्ती,

दोन किलो आठशे. नाव अजून ठरलं नाही. आवाज मात्र कोरेट्टनांसारखा आहे.

वाचनशाळेत सध्या त्यांच्या बाकावर कुणी बसत नाही. परवा एक पोरगी तोंडावर म्हणाली, "तुम्हीच ना ते स्टूल ओढणारे?" ते म्हणाले, "मीच," आणि पान उलटलं. मला घरी येऊन रडू आलं. शुक्रवारी कालवण घेऊन गेले तर त्यांनी मलाच दटावलं, मीठ कमी आहे म्हणून. दोन्ही प्रती आता कपाटात ठेवल्या आहेत. प्रेमराजनने माझ्याकडे बघून नोंदवहीत दोन रेघा मारल्या.

निलेश्वरमला मी येईन. कुठली साडी ते विचारू नकोस, तू सांगशील ती मी नेसणार नाही.

पण एक सांगून ठेवते, म्हणजे तिथे तुला राग यायला नको. काल बाळाला मांडीवर घेऊन आठवं प्रकरण मोठ्याने वाचून पाहिलं. शीजा आतून म्हणाली, "अम्मा, अडखळतेस का गं?" अडखळत नव्हते. मी एक वाक्य वाचते आणि थांबते. अच्छन ते वाक्य ओठातल्या ओठात म्हणायचे, मनात नीट ठेवायचे, मग मान हलवायचे, मग मी पुढचं वाचायची. मला दुसऱ्या कुठल्या रीतीने वाचताच येत नाही. कधी वेळच आली नाही.

तेव्हा तू व्यासपीठावर बसू नकोस. पहिल्या रांगेत, मला दिसशील अशी बस. आणि प्रत्येक वाक्यानंतर मान हलव.

तुझी,
माधवी